चक्का आपला, चकवा त्यांचा

दुकानातल्या फ्रीजचं काचेचं दार उघडलं की दुसऱ्या-तिसऱ्या फळीवर ती डबी दिसते. फिक्कट गुलाबी रंग, झाकणावर स्ट्रॉबेरीचा रसरशीत फोटो आणि ठसठशीत अक्षरांत ‘लो फॅट’. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेली माणसं ती उचलतात, दुप्पट पैसे मोजतात आणि आपण पथ्य पाळलं अशा समाधानात घरी जातात. त्यांना माझं एकच सांगणं आहे: डबी उलटी करा. पुढची बाजू जाहिरातवाल्यानं लिहिलेली असते, मागची बाजू कायद्यानं त्याच्याकडून लिहून घेतलेली असते.

‘लो फॅट’ म्हणवून घ्यायला १०० ग्रॅम पदार्थात ३ ग्रॅमपर्यंत स्निग्धांश चालतो. आता आपल्याकडे रोज सकाळी येणारी टोन्ड दुधाची पिशवी बघा. तिच्यात स्निग्धांश ३ टक्के. म्हणजे त्या दुधाचं रात्री विरजलेलं साधं दही मुळातच त्या रेषेवर उभं आहे. डबल टोन्डचं असेल तर दीड टक्का, रेषेच्या निम्म्यावर. आपल्या घरात पातेल्यात असलेली गोष्टच आपल्याला नवी म्हणून विकली जाते आहे.

आणि नवं जे आहे ते साखर. चव घातलेल्या दह्याच्या डबीत १०० ग्रॅममागे १०-१५ ग्रॅम साखर सहज निघते. त्यातली चारएक ग्रॅम दुधाची स्वतःची, बाकी वरून ओतलेली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची सक्ती आहे. त्यामुळे दुधाच्या पाठोपाठ दुसऱ्याच जागी साखर बसलेली दिसली, की फळाच्या फोटोचा अर्थ काय घ्यायचा ते कळतं. स्निग्धांश कमी, हे खरं सांगितलं. साखर भरपूर, हे मागे ढकललं. कायदा मोडलेला नाही, पण वजनाच्या काळजीनं आलेल्या माणसाला चकवलेलं आहे, आणि त्याचा मला राग आहे.

‘लो कॅलरी’ या शब्दांना तर त्याहून कडक माप आहे. घन पदार्थ असेल तर १०० ग्रॅममध्ये ४० कॅलरींच्या आत. घरचं डबल टोन्डचं बिनसाखरेचं दहीसुद्धा ४५च्या आसपास जातं, म्हणजे तेही या मापात बसत नाही. तरी मासिकांत आणि मोबाईलवर ‘लो कॅलरी पुडिंग’च्या पाककृतींचा सुकाळ आहे. त्यातली एखादी नीट वाचा. चायना ग्रास १० ग्रॅम, दूध अर्धा लिटर, आणि मग निवांतपणे: कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा. त्या डब्यात निदान ४० टक्के साखर असायलाच लागते, तशी त्याची व्याख्याच आहे. चारशे ग्रॅमच्या एका डब्यात तेराशेच्या घरात कॅलरी. आठ जणांत वाटला तरी दर माणशी दीडशेच्या वर, दूध आणि वरचे काजू धरायच्या आधी. हे पुडिंग चविष्ट असेल, खुशाल करा, पण त्याला हलकं म्हणू नका. ते वाचून कुणाची तरी मधुमेही सासू दोन वाट्या खाते.

जेलीच्या पुडीचंही तेच. लहान मुलांच्या वाढदिवसाला ती लाल-हिरवी थरथर हवी असते, मान्य. पण ८०-९० ग्रॅमच्या पुडीत तीन चतुर्थांशाहून जास्त साखर असते. उरलेल्यात गोठवणारा पदार्थ, आंबटपणा, रंग आणि वास. फळाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आता श्रीखंड. त्याच्यावर माझा जीव आहे आणि पाडव्याच्या पानात त्याच्या जागी दुसरं काही मी सहन करणार नाही. पण आकडा आकडाच असतो. श्रीखंडात किमान ५८ टक्के घनांश हवा आणि त्या घनांशात साखर ७२.५ टक्क्यांपर्यंत चालते, असा नियम आहे. गुणाकार केला तर १०० ग्रॅम श्रीखंडात ४२ ग्रॅम साखर कायद्यात बसते. चहाचे आठ चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली जी आहारतत्त्वं दिली, त्यांत दिवसभराची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. म्हणून पाडव्याला श्रीखंड खावं, खरं खावं, वेलदोडा-केशर घालून खावं. आणि मंगळवारी रात्री जेवणानंतर जीभ गोड मागायला लागली, की त्या दिवसासाठी वेगळी वाटी असावी. मी लिहितो आहे ते या मंगळवारच्या वाटीबद्दल.

तिची सुरुवात दुधाच्या पिशवीपासून होते. मुंबईचे दारा खुरोडी हे नाव आज किती जणांना आठवतं? म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ते जास्त लोकांना पुरेल, परवडेल असं करायचं, ही टोन्ड दुधामागची कल्पना त्यांच्या नावावर आहे. आरे कॉलनीच्या उभारणीतही त्यांचा मोठा हात. १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गरिबाच्या पोराला दूध मिळावं म्हणून जो स्निग्धांश कमी केला, तोच ‘कमी स्निग्धांश’ आता उच्चभ्रू डबीत घालून महाग विकला जातो. खुरोडींच्या मुंबईत तरी हे कुणाला खटकायला हवं होतं.

तर डबल टोन्ड दूध घ्या. कोमट असताना त्यात दोन चमचे स्किम्ड दुधाची भुकटी विरघळवून मग विरजण लावा. पातळ दुधाचं दही ढिलं लागतं, ती तक्रार यानं जाते. सहा-आठ तासांत लागतं. आंबट व्हायच्या आत उचला, कारण आंबट दही साखर खातं, आणि आपला सगळा हिशेब साखरेवरच चालला आहे.

मग धुतलेलं सुती फडकं. जुन्या धोतराचं असेल तर उत्तम, मलमलीचं चालेल. गाळणीवर पसरायचं, दही ओतायचं, चार टोकं एकत्र करून सैल पुरचुंडी बांधायची. पहिली दहा मिनिटं पाणी धार लागल्यासारखं जातं, मग थेंबावर येतं. थंडीत नळाला टांगून ठेवलं तरी चालतं. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये ते करू नये, तीन तासांत दही फसफसतं. गाळणी एका पातेल्यावर ठेवून सगळं बिऱ्हाड फ्रीजमध्ये सरकवावं. श्रीखंडाच्या चक्क्यासारखं रात्रभर टांगायची गरज नाही. दोन-तीन तासांत अर्धा किलो दह्याचं तीनशे ग्रॅमच्या आसपास उरतं. चमच्यातून घसरेल पण वाहणार नाही, इतपत. घट्ट चक्का केलात तर पुढे गोठवल्यावर तो कोरडा, खडूसारखा लागतो.

दही गोठवायला दोन वाटा आहेत, जिलेटिन आणि अगर-अगर म्हणजे आपली चायना ग्रास.

जिलेटिन जनावरांच्या कातडीतल्या आणि हाडांतल्या कोलॅजेनपासून काढतात. हे काही दूर परदेशात घडतं असं नाही. जबलपूरला आणि वापीला त्याचे कारखाने कित्येक वर्षांपासून आहेत. वापरायला ते अगदी सोपं आहे. सात ग्रॅम पूड अर्धा लिटर मिश्रणाला पुरते. चार चमचे गार पाण्यावर ती भुरभुरायची, चमचा घालून ढवळायचं नाही, पाचदहा मिनिटं तशीच सोडायची. दाणे पाणी पिऊन टम्म फुगतात. मग ती वाटी गरम पाण्यात धरली की सगळं पारदर्शक होऊन विरघळतं. उकळायचं नाही, उकळत ठेवलं की त्याची पकड जाते. आणि गरमागरम द्रावण गार दह्यात ओतायचं नाही, धागे होतात. आधी दोन चमचे दही त्या द्रावणात, नीट मिसळून, मग ते सगळं दह्यात. चार तास फ्रीजमध्ये.

जिलेटिनचा मोठा गुण म्हणजे ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेनं. जिभेवर ठेवलेला घास चावावा लागत नाही, तो आपोआप सुटतो. हाच त्याचा आपल्याकडचा दोषही आहे. मे महिन्यात अकोल्यात किंवा जळगावात पंगतीत वाढून ठेवलेली वाटी भाषणं संपेपर्यंत सूप झालेली असते.

दुसरा दोष फळांच्या बाबतीतला. ताजा अननस, पपई, किवी, अंजीर, आलं यांत प्रथिनं तोडणारी पाचकद्रव्यं असतात आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी पाणीच मिळेल. फोडी पाचेक मिनिटं पाण्यात उकळून घेतल्या की ती द्रव्यं निकामी होतात. डब्यातला अननस म्हणूनच चालतो, तो आधीच शिजलेला असतो. पण पुरंदरची ताजी अंजिरं उकळून खायची म्हणजे अंजिरावर अन्याय आहे. ती वरून ठेवा, आयत्या वेळी.

इथे यजमानांना दोन शब्द, आणि ते कडक आहेत. जिलेटिन घातलेला पदार्थ शाकाहारी माणसाच्या पुढे न सांगता ठेवू नका. घरी येणारी जैन मैत्रीण, चातुर्मास पाळणारे आजोबा, हलाल-हराम बघणारा शेजारी, यांना काय खायचं ते ठरवायचा हक्क आहे, आणि तुम्ही गप्प राहिलात की तो हिरावता. ‘एवढंसं तर असतं’ हे उत्तर नाही. बाजारच्या पाकिटावर हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण, हे दिसतं तरी. हॉटेलातल्या मूसवर, न भाजलेल्या चीजकेकवर, इटालियन नावाच्या थरथरत्या मलईवर कुणी ठिपका काढून ठेवत नाही. वाढप्याला विचारा. त्याला माहीत नसेल तर आचाऱ्याला विचारायला सांगा. विचारण्यात कसलाही कमीपणा नाही, न सांगण्यात आहे.

माझा स्वतःचा कौल चायना ग्रासला. आपल्या हवामानाला ते शोभतं, सगळ्यांना चालतं, आणि त्याच्यामागे एक अशी गोष्ट आहे की ती ऐकल्यावर स्वयंपाकघराला कुणी कमी लेखू नये.

१८८१ साल. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिनचा थर वापरत. उन्हाळ्यात तो वितळे. माणसाच्या शरीरातले जंतू ज्या ३७ अंशांवर वाढतात, त्या उबेला तर तो टिकतच नसे, आणि काही जंतू त्याला खाऊन पातळ करत. तिथे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांची पत्नी फॅनी हेस नवऱ्याला कामात मदत करत असे, जंतूंची चित्रंही काढून देत असे. तिनं सुचवलं, अगर वापरून बघा. घरच्या जेल्या ती त्यानंच गोठवायची. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्याकडून ही युक्ती तिला लहानपणी कळलेली होती. अगर गोठतं ३५-४० अंशांच्या आसपास आणि एकदा गोठलं की थेट ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. काम झालं. १८८२मध्ये कॉख यांनी क्षयाच्या जंतूवरचा आपला जगप्रसिद्ध शोध जाहीर केला, त्यात अगरचा उल्लेख आहे, फॅनीचा नाही. आजही जगभरच्या पॅथॉलॉजीत ज्या बशीत जंतू वाढवतात, त्या बशीत त्या बाईच्या स्वयंपाकघरातलं ज्ञान आहे. श्रेय मात्र तिच्या वाट्याला आलं नाही.

हे अगर लाल समुद्रशेवाळापासून निघतं. आपल्याकडे तमिळनाडूत, मन्नारच्या आखातात, रामेश्वरम-मंडपमच्या किनाऱ्यावर कोळी बायका पाण्यात बुड्या मारून असं शेवाळ गोळा करतात. किराणा दुकानात जी पांढरी, दोऱ्याची लडी मिळते ती हलकी वाटते, पण तिच्यामागे कुणाच्या तरी कमरेचं दुखणं असतं.

अगर हाताळताना नियम उलटा. इथे उकळायलाच लागतं. लडी असेल तर कात्रीनं तुकडे करून अर्धा तास भिजवायची. पूड असेल तर सपाट चमचाभर, दीडशे मिलिलिटर पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळायची. एकही कण दिसता कामा नये. दाणे उरले तर पदार्थ खाली गोठतो आणि वर पाणी राहतं. आणि दह्याशी गाठ घालताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: दही फ्रीजमधलं गार नको. अगर ४० अंशांच्या खाली गेलं की तिथल्या तिथे गोठतं. गार दह्याला ते टेकलं की क्षणात शेवया होतात आणि मग ती वाटी कितीही फेटा, एकजीव होत नाही. दही तासभर बाहेर काढून ठेवा, हातानं भांडं कोमट करा, आणि अगर धारेनं ओतत एकीकडे फेटत राहा. लिंबू, कोकम असं आंबट काही घालायचं असेल तर अगर उकळून, गॅस बंद करून, मग घाला. आंबटात उकळलं की त्याची पकड सैल पडते.

आता वाटी. तीनशे ग्रॅमचं ते सैलसर टांगलेलं दही. दोनशे ग्रॅम महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, निम्मी चेचून, निम्मी चिरून. साखर चार चमचे, म्हणजे २० ग्रॅम. वरचं दीडशे मिलिलिटर अगरचं पाणी. चार वाट्या भरतात, प्रत्येक दीडशे ग्रॅमच्या वर. वाटीला ८०-८५ कॅलरी, आणि सगळी मिळून कर्बोदकं बारा-तेरा ग्रॅम. शंभर ग्रॅम श्रीखंडात कॅलरी अडीचशेच्या घरात आणि नुसती साखरच ४२ ग्रॅम, हे वर आलंच आहे. ‘लो कॅलरी’च्या मापात माझी वाटीही बसत नाही, ती १०० ग्रॅमला पन्नासच्या आसपास जाते. पण ती जे आहे ते आहे, आणि त्यात काय पडलं ते तुम्ही स्वतःच्या हातानं घातलेलं असतं.

चार वाट्यांना चार चमचे साखर म्हणजे अगोड, अशी कुरकुर होणार. पहिल्या आठवड्यात होते. जीभ शिकते. मीठ कमी केल्यावर शिकते तशीच. वेलदोडा ताजा कुटून घातला, लिंबाची साल किसून घातली, जायफळ उगाळलं, तर साखर कमी असल्याचं पहिल्या दोन घासांनंतर कुणी बोलत नाही. गार पदार्थात गोडी कमी जाणवते, म्हणून फ्रीजमधून काढून दहा मिनिटांनी खावा.

स्ट्रॉबेरीचा मोसम गेला की आंबा आहे, पण पिकलेला आंबा पिळून घ्या, डब्यातला रस बहुधा साखर घातलेला असतो. आंब्याला वरून साखर नकोच. जूनमध्ये जांभळं. कोळून काढलेला जांभळाचा गर या दह्यात जो रंग देतो, तो कुठल्याही बाटलीत मिळणार नाही. कोकण-गोव्याकडच्यांना शहाळं आहे. अर्धा लिटर शहाळ्याचं पाणी, त्यातलंच थोडं घेऊन त्यात अगर उकळायचं, बाकीचं पाणी कोमट करून मिसळायचं, तळाला कोवळ्या खोबऱ्याच्या दोन-दोन चिरफळ्या. साखर शून्य. पाण्याच्या कॅलरी चार वाट्यांना मिळून शंभराच्या आत, आणि खोबरं चिमटीभरच ठेवलं तर ही वाटी मात्र कायद्याच्या ४०च्या कसोटीलाही उतरते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ती खाऊ नये, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. आणखी एक गोष्ट काळजीची: अगर तोंडात विरघळत नाही. तान्ह्या मुलांना आणि गिळायला त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचे घट्ट, गुळगुळीत चौकोन देऊ नका. चमच्यानं चुरून द्या, नाहीतर देऊच नका.

साखरेऐवजी गोळ्या-पुड्या चालतील का, हा प्रश्न हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे, वजन आटोक्यात ठेवायचं साधन म्हणून या बिनसाखरेच्या गोडव्यांवर विसंबू नका. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांच्यासाठी हा सल्ला नव्हता. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून मर्यादेत वापरावं. माझं मत वेगळ्या कारणानं त्या पुडीच्या विरुद्ध आहे. ती जिभेला पूर्वीइतक्याच गोडाची सवय कायम ठेवते. आपल्याला जीभ खाली आणायची आहे.

आणि जिलेटिनच्या वाटीनं गुडघे सुधारतात, त्वचा उजळते, असं सांगत पुड्या विकणाऱ्यांनी आता थांबावं. पोटात गेलेलं जिलेटिन इतर प्रथिनांसारखं तुटतं, ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, म्हणून प्रथिन म्हणूनही ते अपुरं. वाटीतलं खरं प्रथिन दह्याचं. जिलेटिनचं काम दही उभं करायचं, तेवढंच.

या सगळ्याची गरज कुणाला आहे? लग्नाच्या पंगतीत बघा. वाढपी श्रीखंडाचं पातेलं घेऊन येतो आणि रांगेतल्या एका काकूंच्या पानाशी आला की शेजारची बाई परस्पर सांगते, ‘त्यांना नको, त्यांना शुगर आहे.’ काकूंना कुणी विचारत नाही. आजूबाजूला वाट्या भरतात, त्यांची पालथी. त्या हसून ताक मागतात. हे घरातही होतं, दर सणाला, वर्षानुवर्षं. मधुमेह झालेल्या माणसाला आपण पथ्य देतो आणि पानावरून उठवतो. पंगतीत सगळ्यांना तीच एक हलकी वाटी वाढली, कुणाला वेगळी नाही, तर बिघडतं काय? पाहुण्यांना कळणारसुद्धा नाही. आणि त्या काकू आपल्या हिशेबात अर्धी खातील की पूर्ण, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. पन्नास वर्षं घरादाराचं खाणंपिणं ज्यांनी सांभाळलं, त्यांना अर्ध्या वाटीचा हिशेब कुणी शिकवायला नको.

आता शेवटची आणि सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. ‘सोपं, घरच्या घरी’ असं जिथे जिथे लिहिलेलं असतं, तिथे करणारी बाई गृहीत धरलेली असते. नवऱ्याचं पोट सुटतं, डॉक्टर नवऱ्याला बोलतात आणि दही बायको टांगते. हे मला मान्य नाही. या पदार्थात परतायचं नाही, फोडणी नाही, कणीक मळायची नाही, पाकाची तार बघायची नाही. तीन मिनिटं पाणी उकळायचं आणि फडक्याला गाठ मारायची. ज्याला कमरेचा पट्टा एक भोक आत घ्यायचा आहे, त्यानं हे स्वतः करावं. शनिवारी रात्री दूध विरजावं, रविवारी सकाळी दही बांधावं, दुपारी वाट्या भराव्यात. पातेल्यात साठलेलं पाणी ओतून देऊ नये, त्यात कढी होते, कणीक भिजते, नुसतं मीठ-जिरं घालूनही ते पिता येतं. गाळणी घासून जागेवर ठेवावी. आणि ते आंबूस वासाचं फडकं गरम पाण्यात धुऊन, पिळून, दोरीवर टाकायचं कामही त्याचंच.